मावशीला हरवायचं कसं

आमच्या गेममध्ये बावीस जण आहेत आणि ते बावीसच्या बावीस जण एकमेकांना मारतात. दुसरा उद्योग नाही. कुणी दोन तलवारी घेऊन मारतो, कुणी अर्धा लांडगा आहे, एकीच्या वेणीला पातं बांधलेलं आहे. सहा वर्षं लोक हा गेम खेळताहेत आणि दर वर्षी ‘नवीन कोण?’ म्हणून आमच्या डोक्यावर बसताहेत. यंदा तेविसावं पात्र घडवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कंपनीत कच्च्या नोकरीवर होतो आणि अकरा महिने झाले होते. मॅडमनी स्वच्छ सांगितलं, पात्र पास झालं तर नोकरी पक्की, नाही झालं तर बाराव्या महिन्याच्या शेवटी निरोप समारंभ. ‘समारंभ’ हा शब्द त्यांनी आपणहून घातला. स्वभावच प्रेमळ, काय करणार.

ऑफिस गाद्यांच्या दुकानाच्या वर आहे. एक लांबट खोली, सात टेबलं, एक न उघडणारी खिडकी आणि एक न लागणारं दार. तिथं बसून मी पहिलं चित्र काढलं. काळा झगा, एक डोळा झाकलेला, वडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.

“आपल्याकडे आत्तापर्यंत सात जणांच्या वडिलांचा खून झालाय,” त्या म्हणाल्या. “एकाचे तरी जिवंत ठेव.”

मी दुसरं आणलं. बर्फातली राजकन्या. वडील ठणठणीत.

“ही का मारते सगळ्यांना?”

“वडील तिला बाहेर जाऊ देत नाहीत म्हणून.”

“मग वडिलांना धरून मारू दे. बाकीच्यांनी तिचं काय घोडं मारलंय?”

तिसऱ्या वेळी मी रोबो काढला. तो मॅडमपर्यंत पोचलाच नाही, वाटेत तराजूनं पाहिला. तराजू म्हणजे आमचा चाचणीवाला. सगळी पात्रं एकमेकांच्या तोडीची आहेत की नाहीत हे खेळून ठरवायचं, हे त्याचं काम, म्हणून नाव तराजू. बोलतो कमी आणि जिंकतो फार, त्यामुळे ऑफिसात त्याचं कुणाशी भांडण नाही आणि मैत्रीही नाही. त्यानं माझ्या रोबोकडे बराच वेळ बघितलं.

“मिक्सर आहे का?” त्यानं विचारलं.

मी कागद चुरगाळला आणि घरी गेलो.

घर म्हणजे मावशीचं घर. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. ही माझ्या आईची थोरली बहीण. नोकरी लागली तेव्हा ‘खोली मिळेपर्यंत राहा’ म्हणाली, आणि मी इतक्या मनापासून राहिलो की खोली शोधायचं विसरूनच गेलो. ती एका मोठ्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीत आहे. एकतीस वर्षं झाली. रोज सहाशे चादरी धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन तिच्या हाताखालून जातात. चादरीवरचा डाग ती दारातूनच ओळखते, आणि चादर घेऊन येणाऱ्याचा खोटेपणा त्याहून लवकर.

“तोंड का पाडून बसलायस?” तिनं विचारलं. “हे धर.”

तिनं धुतलेल्या चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. दोन टोकं स्वतः धरली आणि एक झटका दिला. नेहमीचाच झटका, सुरकुत्या जाव्यात म्हणून देतात तो. मी आपल्या विचारात होतो. पुढच्या क्षणी मी जमिनीवर होतो, चादर माझ्या अंगावर होती, आणि मावशी वरून म्हणत होती, “पाय रोवून उभं राहायला शिकवलं नाही का तुझ्या आईनं?”

मी खालूनच तिच्याकडे पाहिलं. रुंद खांदे, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, इस्त्रीच्या चटक्यांच्या खुणा असलेले हात. आणि मला तेविसावं पात्र दिसलं.

ते पंधरा दिवस फार सुखाचे गेले. नाव दुसरं सुचेना म्हणून पात्राचं नावही ‘मावशी’च ठेवलं. हत्यार म्हणजे एक ओली चादर. पहिला डाव झटका, त्यानं समोरचा उताणा. दुसरा डाव पिळा, ज्यात ती समोरच्याला दोन्ही टोकांनी धरून पिळते आणि त्याचं पाणी काढते. तिसरा आणि सगळ्यात मोठा डाव घडी. त्यात अर्ध्या लांडग्याची आधी दोनात, मग चारात, मग आठात घडी होते, वरून इस्त्री फिरते, आणि तो कपाटात जातो. मॅडमनी घडी पाहिली आणि हसता हसता त्यांचा चष्मा टेबलाखाली गेला. मला वाटलं, झालं, नोकरी पक्की. असं मला फार लवकर वाटतं.

पात्राला आवाज हवा होता, तो मावशीचाच घ्यायचा ठरलं. खालच्या दुकानदारानं टाकून दिलेल्या गाद्या भिंतींना लावून आम्ही एका कोठीत स्टुडिओ केला आहे. मावशीनं आत पाऊल टाकलं आणि आधी गादीला हात लावला.

“ह्या खोळी कधी धुतल्या होत्या?”

तिनं सगळ्या खोळी उतरवल्या, पिशवीत भरल्या, आणि मग रेकॉर्डिंगला उभी राहिली.

“ताई, जोरात म्हणा, ‘मर!’” मॅडम काचेपलीकडून म्हणाल्या.

“असं कुणाला म्हणतात का? त्यानं माझं काय केलंय?”

“तो तुम्हाला मारायला आलाय.”

“मग मी ‘बाजूला हो’ म्हणते.”

आणि तिनं असं काही ‘बाजूला हो’ म्हटलं की कोठीबाहेर उभा असलेला तराजू खरंच बाजूला झाला. जिंकल्यावरची वाक्यं तिनं स्वतःच दिली. “डाग गेला नाही तर परत आण.” “ओला होतास, सुका केला.” “पुढचा.” आम्हाला एकही अक्षर बदलावं लागलं नाही.

अडलं ते एकाच ठिकाणी. मार लागल्यावरचं ओरडणं तिला जमेना. तिनं “ऊ” केलं, ते हरवलेला मोजा सापडल्यासारखं आलं. मग “आ” केलं, ते दंतवैद्यापुढचं वाटलं. चौदा वेळा झालं आणि तराजू अकरा महिन्यांत पहिल्यांदा हसला.

“मला कुणी मारलंच नाही तर ओरडू कशी?” मावशी वैतागली. “आणि मारलं तरी मी ओरडत नाही. उगाच लोक गोळा होतात.”

मॅडम म्हणाल्या, राहू दे, तेवढा आवाज नंतर बघू.

मग तराजूनं चाचणी घेतली. एका दुपारी त्यानं मावशीला बावीसही जणांशी लढवलं आणि कागदावर निकाल लिहून माझ्यापुढे ठेवला. बावीस लढती, बावीस विजय. खाली एकच ओळ होती, ‘हिला हरवता येत नाही.’

मला अभिमान वाटला. मॅडमना घाम फुटला.

त्याला कारण होतं. माझ्या आधी इथं एक जण होता. त्यानं एक कुबडा जादूगार बनवला होता, ज्याला कुणीच हरवू शकेना. लोक चिडले, गेम परत करायला लागले. मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं, तू घडवलास, आता तूच हरवून दाखव. तो दोन दिवस स्क्रीनसमोर बसला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही. त्याचा चार्जर अजून माझ्या टेबलाला लावलेला आहे. तेव्हापासून आमच्याकडे रीत पडली. ज्यानं पात्र घडवलं त्यानं सगळ्यांसमोर ते हरवून दाखवायचं. समोरून पात्र चालवणार तराजू. तीन लढती मिळतात, त्यातली एक जिंकली तरी पुरे. पात्राची खोट काय आहे ते आधी कुणाला सांगायचं नाही, तराजूला तर नाहीच.

“प्रत्येकाची एक खोट असते,” मॅडम म्हणाल्या. “हिची शोध. पुढच्या शुक्रवारी सामना.”

मी मावशीची ताकद थोडी कमी करून पाहिली. ती लगेच अशी दिसायला लागली जणू तिला ताप आलाय. वेग कमी केला तर झटक्याला अर्थच उरेना. मॅडमनी दोन्ही नाकारलं. खोट वरून ठिगळासारखी लावायची नाही, पात्राच्या आतूनच यायला हवी, असं त्यांचं म्हणणं. मग आत बघणं आलं, आणि आतली बाई घरीच होती.

“मावशी, तुझी कमजोरी काय गं?” मी जेवताना विचारलं.

“मला वेळ नाही,” ती म्हणाली. ते उत्तर होतं की नकार, कोण जाणे.

मी हाती घेतलं ते तडीस न्यायचं ठरवलं. न्हाणीघरात झुरळ सोडलं. तिनं ते चपलेनं मारलं आणि चपलेबरोबर न्हाणीघरही मला धुवायला लावलं. भुताचा सिनेमा लावला, ती भूत यायच्या आधी झोपली आणि गेल्यावर उठली. भांडकुदळ माणसाची गाठ घालून द्यावी म्हणून घरमालकाला पाण्याची तक्रार तिच्यापुढे काढायला लावली. अर्ध्या तासानं घरमालक स्वतःच्या सुनेबद्दल रडत होता आणि ती त्याला रुमाल देत होती, अर्थात इस्त्रीचा. शेवटी हात टेकले आणि आईला फोन केला.

“तिची कमजोरी?” आई म्हणाली. “सापडली तर मलाही कळव. मी पन्नास वर्षं शोधतेय.”

सापडली ती रविवारी दुपारी, मी शोधत नसताना. मी टेबलाशी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. गाणं संपलं होतं, पण हेडफोन काढायचा कंटाळा केला होता. मावशी खाली बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. तिनं शेवटची जोडी लावली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि उठायला लागली. एक हात जमिनीवर, दुसरा टेबलाच्या कडेवर. डावा गुडघा दुमडलेला होता, तो काही केल्या सरळ होईना. तिनं डोळे मिटले, ओठ दाबले, आणि तरीही तोंडातून निघालंच. “आई गं.” मग एक लांब श्वास, आणि स्वतःच्या पायालाच हळू आवाजात, “चल बाई, चल.”

मला आनंद झाला. हे सांगायला लाज वाटते, पण झाला. डावा गुडघा! मी इतका खूश झालो की जागेवरून उठलोसुद्धा नाही.

मग पुढचे तीन दिवस मी तेवढंच बघत होतो. जिन्यावर ती उजवा पाय आधी टाकायची आणि डावा त्याच पायरीवर ओढून आणायची. दुसऱ्या मजल्यावर थांबून ती रोज पिशवीत किल्ली शोधायची, आणि किल्ली तर तिच्या गळ्यातल्या दोरीत असायची. सगळं समोर होतं. अकरा महिने मी तिच्या पुढे दोन दोन पायऱ्या घेत चढत होतो आणि वर पोचून ‘चल ना’ म्हणत होतो. का लपवत होती, तेही मला ठाऊक होतं. लॉन्ड्रीत ज्याचे पाय दुखायला लागतात त्याला काउंटरवर बसवतात, पावत्या फाडायला. मावशी त्या काउंटरबद्दल असं बोलते जसं दुसरे लोक तुरुंगाबद्दल बोलतात. तिनं गुडघ्याचा ‘ग’ काढला असता तर तो माझ्याकडून आईकडे, आईकडून साऱ्या नात्यात, आणि तिथून लॉन्ड्रीत गेला असता.

आमच्या धंद्यात एका सेकंदाचे साठ तुकडे करून मोजतात, त्या एका तुकड्याला फ्रेम म्हणतात. मावशीला खालून उठायला एकशे सत्तर फ्रेम लागत होत्या. गेममध्ये तेवढ्या वेळात माणूस तीनदा मरतो. मी वहीत लिहून ठेवलं. ‘काय होतंय गं?’ असं विचारावं हे मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण विचारलं असतं तर ती सावध झाली असती, आणि मला मोजायचं होतं.

बुधवारी सकाळी ती पुन्हा मोजे लावायला खाली बसली तेव्हा मी फोन टेबलावर पालथा ठेवला, हेडफोन लावले आणि मान डोलावत राहिलो. कानात काहीही चालू नव्हतं. फोनमध्ये सगळं रेकॉर्ड झालं, श्वासासकट. ऑफिसात जाऊन मी तो तुकडा साफ केला आणि पात्राला लावला. डाव्या गुडघ्यावर खालून लाथ बसली की मावशी थांबणार, एक हात धरायला काहीतरी शोधणार, हा आवाज येणार, आणि एकशे सत्तर फ्रेम तिला काही करता येणार नाही. गुरुवारी मी एकट्यानं तपासून पाहिलं. बरोबर चाललं. आवाज बंद ठेवून तपासलं होतं, का ते माझं मलाच माहीत.

शुक्रवारी सामन्याच्या वेळेला सगळे मोठ्या स्क्रीनसमोर जमले. तराजूनं बोटं मोडली. मॅडम म्हणाल्या, “एक मिनिट थांबा, पाहुण्या यायच्यात,” आणि न लागणाऱ्या दारातून मावशी आत आली. ठेवणीतले कपडे, हातात पिशवी.

मी हातातला कंट्रोलर खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

“तुम्हाला बघायला हवंच ना ताई,” मॅडम म्हणाल्या. “मीच बोलावलं, याला म्हटलं नाही.”

मावशीनं पिशवीतून गाद्यांच्या खोळी काढल्या, पांढऱ्या शुभ्र, आणि मॅडमच्या हातात दिल्या. “तीन पाण्यांतून काढल्या तेव्हा मूळ रंग कळला,” असं म्हणून ती मॅडमच्या चाकाच्या खुर्चीत बसली.

मी काटकुळ्या निवडला. काटकुळ्या हा आमचा सगळ्यात बारीक लढवय्या, खालून लाथ मारण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. लढत सुरू झाली. तराजूची मावशी पुढे आली आणि पहिला झटका बसला.

“ती मी?” खुर्चीतली मावशी ओरडली. “कंबर एवढी बारीक कशी?”

सगळे हसले. मग तिला मजा यायला लागली. मी तिच्याविरुद्ध खेळतोय हे तिला कळत होतं, पण स्वतःला जिंकताना बघण्याचा मोह कुणाला सुटतो? “पीळ त्याला!” ती तराजूला सांगत होती. “अजून पाणी आहे त्याच्यात! आता घडी घाल, नीट, टोकाला टोक लाव!” तराजूनं टोकाला टोक लावून माझी घडी घातली. काटकुळ्या कपाटात गेला. “पुढचा,” स्क्रीनवरची मावशी म्हणाली, आणि खुर्चीतल्या मावशीनं टाळ्या पिटल्या.

दुसरी लढत. मी जीव तोडून खेळलो. डोक्यावर मारलं, पोटात मारलं, उजव्या पायावर मारलं. दोनदा डावा गुडघा अगदी समोर, उघडा आला. दोन्ही वेळा माझं बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं, आणि काटकुळ्यानं उगाचच उंच उडी मारली. दुसऱ्या उडीतून तो सरळ चादरीत पडला. कपाट बंद झालं.

या वेळी टाळ्या आल्या नाहीत. मी मान वळवली. मावशी स्क्रीनकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. एकतीस वर्षं जिनं डाग शोधले तिच्या नजरेतून काय सुटणार.

“काय रे,” ती म्हणाली. “तिचा डावा पाय का टाळतोयस?”

तराजूनं कान टवकारले. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या.

“नाही गं. कुठं टाळतोय.”

“दोनदा समोर आला. दोनदा तू उडी मारलीस.”

तिचा हात डाव्या गुडघ्यावर गेला होता, तो तिनं उचलून मांडीवर घेतला.

“ही हरलास तर नोकरी जाते ना?”

“जाते.”

“मग मार.”

“मावशी...”

“शहाण्या, ती बाई खोटी आहे. मी इथं बसलेय. मार तू.”

तिसरी लढत सुरू झाली. तराजूला आता सगळं कळलं होतं. तो डावा पाय मागे ठेवून खेळायला लागला, त्याचं कामच ते आहे. माझा अर्धा जीव गेला. मग त्यानं घडीसाठी चादर उघडली, त्यासाठी मावशीला डावा पाय पुढे टाकावाच लागतो, आणि मी खाली बसून लाथ मारली.

मोठ्या स्पीकरमधून आवाज आला. “आई गं.” मग तो लांब श्वास. “चल बाई, चल.”

स्क्रीनवरची मावशी थांबली. तिचा एक हात हवेत काहीतरी धरायला शोधत राहिला. गुरुवारी आवाजाशिवाय ते चांगलं दिसलं होतं. आता आवाजासकट दिसलं. तेवढ्यानं ती हरणार नव्हती, मला अजून दोनदा मारायचं होतं. मी मारलं. दोन्ही वेळा तेच आलं, आई गं, चल बाई, चल. मग ती पडली आणि काटकुळ्याचे दोन्ही हात वर गेले.

सगळ्यांनी एकच गिल्ला केला. कुणी माझी पाठ थोपटली. तराजूनं कंट्रोलर खाली ठेवून माझ्याशी हात मिळवला. मॅडमचा चेहरा फुलला होता.

“खोट असावी तर अशी!” त्या म्हणाल्या. “सोमवारी ये, पक्क्या नोकरीच्या कागदावर सही करून टाकू. आणि ताई, तो आवाज! त्या दिवशी तर तुम्हाला जमत नव्हता. अंगावर काटा आला हो माझ्या.”

“त्या दिवशी मी तो दिला नाही,” मावशी म्हणाली.

मॅडम हसत होत्या त्या थांबल्या.

“बुधवारचा आहे,” मावशी मला म्हणाली. “मोजे लावत होते तेव्हाचा. हो ना?”

“हो.”

“तू तर कानात घालून बसला होतास.”

“त्यात काही चालू नव्हतं.”

तिनं मान डोलावली, एखादा हिशेब लागल्यासारखी. “मला वाटलं तुला ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “म्हणून जरा मोकळेपणानं कण्हले.”

मला वाटलं, तिनं आत्ता सगळ्यांसमोर माझी घडी घालावी, चारात, आठात, आणि कुठल्याही कपाटात टाकावं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही.

“ताई,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “तुमची परवानगी नसेल तर तो आवाज आम्ही काढू. पात्रही मागे घेऊ.”

म्हणजे नोकरीही. ते त्यांनी म्हटलं नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं. मी मान खाली घातली. काढा म्हणाली असती तर मी एक शब्द बोललो नसतो.

मावशी स्क्रीनकडे बघत होती. तिथं ती हरलेली बाई एका गुडघ्यावर पडून होती आणि तिचा हात अजून हवेतच होता.

“ठेवा,” ती म्हणाली. “चांगला आलाय. पण तिला धरायला काहीतरी काढून द्या. एखादं टेबल, नाहीतर स्टूल. नुसती हवेत काय हात मारतेय बिचारी.”

“टेबल दिलं तर ती पुन्हा बावीसही जणांना मारेल,” तराजूच्या तोंडून निघून गेलं.

“मारू दे,” मावशी म्हणाली.

मग ती उठायला लागली. खुर्चीच्या हातांवर तिनं जोर दिला, पण खुर्चीला चाकं होती आणि ती मागे सरकली. मी दोन ढांगांत तिच्याजवळ पोचलो आणि हात पुढे केला. ती त्या हाताकडे बघत राहिली. सगळे आमच्याकडे बघत होते.

“सगळ्यांसमोर देतोस होय रे हात,” ती फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, आणि धरला.